पुण्याच्या रंगभूमीवरची गेलेली माणसं : आठवणी लिहिण्यासाठी धागा

विंगेतून

मंडळी, नमस्कार.

पुण्यात नाटकाचं माणूस गेलं की पुढचं सगळं ठरलेलं असतं. व्हॉट्सॲपवर फोटो, खाली जोडलेले हात, दुसऱ्या दिवशी पेपरात चौकट, आठवड्याभरात कुठल्यातरी सभागृहात शोकसभा. शोकसभेत पुरस्कार वाचून दाखवतात, कोण किती मोठा होता ते सांगतात. त्या माणसानं रंगमंचावर उभं राहून नेमकं काय केलं, हे बोलायचं राहूनच जातं. सिनेमातलं काम पुन्हा लावून बघता येतं. नाटकातलं काम ज्यांनी पाहिलं त्यांच्यापाशीच असतं, आणि ते पाहणारेही आता एकेक करून चाललेत.

म्हणून हा धागा काढतोय. जन्म-मृत्यूच्या तारखा आणि मानसन्मान कुठेही सापडतील. इथे तुम्ही पाहिलेलं, ऐकलेलं, घरातल्या मोठ्यांनी सांगितलेलं लिहा. पडद्यामागच्या माणसांबद्दल तर आवर्जून लिहा. मात्र खाजगी माणसांची नावं-पत्ते नकोत, त्यांच्या घरच्यांना त्रास व्हायला नको.

सुरुवात मी भालबा केळकरांपासून करतो. विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग भरत नाट्य मंदिरात १६ डिसेंबर १९७२ला झाला. पुढे वाद पेटला, भालबांच्या पीडीएनं म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशननं प्रयोग थांबवले, तरुण मंडळी बाहेर पडली आणि २७ मार्च १९७३ला थिएटर ॲकॅडमी उभी राहिली. ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. त्या गोष्टीत भालबा फक्त 'प्रयोग थांबवणारे' म्हणून येतात, आणि हे मला फार अन्यायाचं वाटतं. ज्या मुलांनी पुढे घाशीराम जगभर नेलं, ती नाटकाचं शिस्तीचं शिक्षण कुठे घेत होती? पीडीएच्या तालमींत. डॉ. श्रीराम लागू त्याच संस्थेत घडले, जब्बार पटेल, मोहन आगाशे तिथूनच आले. दिवसा नोकरी किंवा कॉलेज, संध्याकाळी तालीम, वेळेवर हजर, पाठांतर पक्कं, ही हौशी नाटकाची पुणेरी पद्धत त्या माणसानं रुजवली. त्या एका निर्णयाबद्दल माझंही मत त्यांच्या विरोधातच आहे. पण माणूस आठवायचा तर अख्खा आठवावा.

---

सदाशिवपेठी

उत्तम धागा. अगदी याच वेळी हवा होता.

घाशीरामचा विषय निघालाच आहे तर त्याचे संगीतकार भास्कर चंदावरकर यांच्याबद्दल लिहितो. २००९च्या जुलैत ते गेले तेव्हा बहुतेक ठिकाणी 'चित्रपट संगीतकार' असं छापून आलं. ते पंडित रविशंकरांचे शिष्य, फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे, हे सगळं खरंच आहे. पण मला ते आठवतात घाशीरामच्या त्या माणसांच्या भिंतीमुळे. ब्राह्मणांची ती रांग गात गात डोलते, पाठ फिरवते, आणि त्या पाठींच्या आड पुण्यात काय काय चाललंय ते झाकलं जातं. कीर्तन, अभंग, लावणी, सगळं एका नाटकात आणि कुठेही ठिगळ दिसत नाही. त्या चाली काढून घेतल्या तर नाटक उभंच राहणार नाही. कृष्णदेव मुळगुंदांनी बसवलेल्या हालचाली आणि या चाली एकमेकांत इतक्या मुरल्यात की कुणाचं श्रेय कुठे संपतं ते बघणाऱ्याला कळत नाही.

तेंडुलकरही गेले ते पुण्यातच, १९ मे २००८. आता त्या चमूतली किती माणसं उरलीत याचा हिशोब करायला मन धजत नाही.

---

भैरवी

काका, खूप छान लिहिलंत. मी संगीत नाटकाकडे वळवते.

आमच्या घरात शिलेदार म्हणजे जवळजवळ घरचंच नाव. आजी जयराम आणि जयमाला शिलेदारांच्या नाटकांना जायची, आई त्यांच्या मुलीच्या, कीर्तीताईंच्या, आणि मी आईबरोबर. १९४९ साली जयराम-जयमालांनी 'मराठी रंगभूमी' ही संस्था काढली. बोलपट येऊन तेव्हा बरीच वर्षं लोटली होती, मोठ्या नाटक मंडळ्या बंद पडल्या होत्या. तशा काळात संगीत नाटकावर अख्खं घर चालवायचं, मुलींनाही त्यातच उतरवायचं, हे धाडस आज समजणारसुद्धा नाही. जयमालाबाई ऑगस्ट २०१३मध्ये गेल्या, कीर्तीताई २२ जानेवारी २०२२ला. कीर्तीताईंनी दहा-अकरा वर्षांच्या असतानाच रंगमंचावर पाऊल ठेवलं होतं. २०१८च्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान त्यांना मिळाला तेव्हा आईनं घरात पेढे वाटले होते.

आता पाहिलेलं लिहिते. कीर्तीताईंचं पद सुरू व्हायच्या आधीचा क्षण माझ्या लक्षात आहे. गद्य संवाद चाललेला असायचा आणि त्यातल्या शेवटच्या वाक्याचा आवाज सुराकडे झुकायला लागायचा. बोलणं संपून गाणं सुरू झालं असा सांधाच दिसायचा नाही. आजी म्हणायची की हे जयमालाबाईंकडून आलंय, आणि त्यांच्याकडे बालगंधर्वांकडून. नुसता चांगला गळा असून हे जमत नाही. आज संगीत नाटकाचे जे थोडे प्रयोग होतात त्यांत गाणारी मुलं खरंच छान गातात, पण संवाद थांबतो, मुलगा समोर येऊन उभा राहतो आणि मग गाणं सुरू होतं. मैफल आणि नाटक यांतला फरक ज्यांना अंगात मुरला होता, ती माणसं गेली.

ज्योत्स्नाबाई भोळ्यांना मी पाहिलेलं नाही. हिराबागेतल्या सभागृहाला त्यांचं नाव आहे आणि तिथे येणाऱ्या कितीतरी मुलांना त्या कोण हेच ठाऊक नसतं. १९३३मध्ये 'आंधळ्यांची शाळा'त बाईनंच बाईचं काम केलं, आणि ते काम करणाऱ्या ज्योत्स्नाबाई होत्या, एवढं तरी त्या दारावर लिहायला हवं.

---

तबलजी_नारायणपेठ

भैरवीताई, ऑर्गनवाल्यांबद्दल पण लिहा की कुणीतरी!

प्रेक्षकांना वाटतं साथ म्हणजे मागून वाजवणं. संगीत नाटकात साथीला बसणारा रंगमंचासमोर खाली असतो, मान वर करून नटाकडे बघत. नटाची छाती श्वासानं भरली की ऑर्गनचा सूर यायला हवा. क्षणभर उशीर झाला तर नट उघडा पडतो, क्षणभर आधी आला तर संवादाचा शेवटचा शब्द बुडतो. वन्स मोअर आला तर कुठून उचलायचं हे नट सांगत नाही, ते साथीदारानं ओळखायचं असतं. मी ज्यांच्या शेजारी बसून शिकलो ते ऑर्गनवादक नाटकातल्या सगळ्या पात्रांचे संवाद मनातल्या मनात म्हणायचे. एकदा एका नवख्या मुलाला ओळ आठवेना. यांनी पेटीवर पुढच्या पदाचे दोन सूर हळूच दाबले, मुलाला वाक्य आठवलं, आणि प्रेक्षागृहात कुणाला काही कळलंसुद्धा नाही.

टाळेबंदीच्या काळात ते गेले. शोकसभा नाही, पेपरात ओळ नाही. वैकुंठ स्मशानभूमीत किती माणसं होती ते लिहवत नाही.

---

कलोपासक_माजी

विनम्र अभिवादन.

---

डिमरवर_हात

वरची पोस्ट वाचून थांबलोच होतो. मी प्रकाशयोजना करणारा माणूस. टाळेबंदीचं लिहिलंत ते बरं केलंत, कारण त्या काळात गेलेल्या माणसांचा शोक करायचाच राहिला आहे.

मार्च २०२०मध्ये नाट्यगृहं बंद झाली. नटाला मालिका मिळते, जाहिरात मिळते. नेपथ्य लावणारा, कपडेपट सांभाळणारा, टेम्पोत सेट भरणारा, यांचं पोट प्रयोगावर. प्रयोग झाला तर नाइट, म्हणजे त्या प्रयोगाचे पैसे, नाही तर काही नाही. काहींनी भाजी विकली, काहींनी रखवालदारी धरली. त्यातले काही परत आलेच नाहीत, काही गावी गेले, काही देवाघरी. श्रीकांत मोघेही त्याच काळात, मार्च २०२१मध्ये गेले. 'वाऱ्यावरची वरात' आणि 'लेकुरे उदंड झाली'मधला तो देखणा, गाणारा, हसरा नट. एरवी त्यांच्यासाठी बालगंधर्व रंगमंदिर भरून वाहिलं असतं.

मला इथे एका बॅकस्टेजच्या काकांबद्दल लिहायचंय. त्यांचं काम तिसऱ्या घंटेचं आणि पडद्याचं. पडदा ओढणं म्हणजे दोरी ओढणं असं वाटेल. विनोदी अंकाचा पडदा झपकन पडायला हवा, हशा चालू असताना. शोकांत अंकाचा पडदा पडायला लागतो तेव्हा प्रेक्षकाला तो पडतोय हे जाणवताच कामा नये. काका प्रत्येक नाटकाचा पडदा वेगळा पाडायचे. एकदा मोठ्या दिग्दर्शकांनी तालमीत सांगितलं, 'काका, इथं तुमच्या मनानं करा.' तेव्हा त्यांनी अख्खा अंक पुन्हा बघायला मागितला होता. हल्ली बऱ्याच ठिकाणी बटण असतं. बटणाला नाटक कळत नाही.

---

मुठाकाठ

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. कुणाचा अपमान करायचा हेतू नाही.

रंगकर्मींच्या आठवणी निघाल्या की हमखास सांगितलं जातं की दुःख गिळून प्रयोग केला. सगळ्यात मोठं उदाहरण बालगंधर्वांचं. १२ मार्च १९११, 'मानापमान'चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी मुलगी गेली आणि तरीही ते उभे राहिले. लहानपणापासून हे अभिमानानं ऐकत आलो. माझे वडील हौशी संस्थेत काम करायचे. माझी आजी गेली त्या रात्री त्यांनी प्रयोग केला, सगळ्यांनी पाठ थोपटली. नंतर आयुष्यभर त्यांना ते सलत राहिलं. आईला खांदा द्यायला उशिरा पोचलो, असं ते शेवटच्या आजारपणातही म्हणाले.

बालगंधर्वांच्या निष्ठेपुढे मी नतमस्तक आहे. त्या दिवशी संपूर्ण मंडळीचं भवितव्य त्या प्रयोगावर होतं. पण त्या गोष्टीचा आपण नियम करून टाकला. हौशी नाटकातल्या कारकुनालाही तोच नियम लावला. आठवणी लिहिताना त्या माणसाच्या घरच्यांनी काय सोसलं हेही लिहिलं जावं, एवढीच इच्छा.

---

भैरवी

@मुठाकाठ, तुमच्या वडिलांबद्दल वाचून डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही लिहिलंत ते फार गरजेचं होतं. घरच्या बायकांनी केलेलं तर कुठेच नोंदलं जात नाही. दौऱ्यावर गेलेल्या नवऱ्याचं घर चालवणाऱ्या, रात्री दोनला येणाऱ्या आठ माणसांसाठी पिठलं-भात टाकणाऱ्या.

---

विंगेतून

@मुठाकाठ, मनापासून आभार. डॉ. लागूंचं उदाहरण मला इथे आठवतं. त्यांचा मुलगा तन्वीर तरुणपणी अपघातात गेला. लागू आणि दीपाताईंनी त्याच्या नावानं तन्वीर सन्मान सुरू केला. दर ९ डिसेंबरला पुण्यात हा कार्यक्रम होतो, ज्येष्ठ रंगकर्मीचा सन्मान होतो, शिवाय नाट्यधर्मी पुरस्कारही दिला जातो. स्वतःच्या दुःखाचं प्रदर्शन नाही, आणि ते झाकूनही ठेवलं नाही. १७ डिसेंबर २०१९ला डॉक्टर स्वतः गेले. अंत्यदर्शन बालगंधर्व रंगमंदिरात होतं. कान-नाक-घशाचा सर्जन, बेचाळिसाव्या वर्षी चालती प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ नट झाला आणि पुढच्याच वर्षी 'नटसम्राट'. त्या भूमिकेवर इतकं लिहिलं गेलंय की मी वेगळं काय लिहिणार. सामाजिक कृतज्ञता निधीबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही.

---

सेवादल_सैनिक

विंगेतून साहेब, तो धागा मी पुढे नेतो.

सामाजिक कार्यकर्त्यांना दरमहा थोडं मानधन मिळावं यासाठी तो निधी. तो उभारायला अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे गावोगाव प्रयोग झाले. लागू, निळूभाऊ, तनुजा, असे सगळे मोठे कलाकार त्यात होते. आमच्या गावातल्या प्रयोगाला मी तिकिटं फाडायला दारात उभा होतो.

निळू फुले राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेले. त्याआधी पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करायचे. सिनेमानं त्यांना कायमचा सरपंच, कायमचा खलनायक करून टाकलं. ज्यांनी 'सखाराम बाइंडर' पाहिलं त्यांनाच माहीत आहे की या माणसाच्या आवाजात केवढा एकटेपणा होता. १९७२चं नाटक, सेन्सॉरशी भांडण, कोर्टकचेरी. समोर चंपा म्हणून लालन सारंग. निळूभाऊ १३ जुलै २००९ला गेले, लालनताई नोव्हेंबर २०१८मध्ये, दोघंही पुण्यातच. लालनताईंनी त्या भूमिकेपायी जे ऐकून घेतलं ते आजच्या कुठल्याही ट्रोलिंगपेक्षा कमी नव्हतं. त्या काळी मध्यमवर्गातल्या बाईनं ते काम करणं म्हणजे काय होतं, हे माझ्या बहिणी अजून सांगतात.

---

पुरुषोत्तमची_पोरं

मी वयानं लहान आहे, मोठ्यांमध्ये लिहू की नको असं वाटत होतं. पण लिहितेच.

पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३पासून चालू आहे. ती पुरुषोत्तम ऊर्फ आप्पासाहेब वझ्यांच्या स्मृतीसाठी सुरू झाली. म्हणजे 'अरे आवाऽऽज कुणाचा' ओरडत भरतमध्ये शिरणारी आमची सगळी पिढी एका गेलेल्या माणसाच्या नावानंच रंगमंचावर आली.

आमच्या टीममधला लाइटवाला मित्र गेला. अपघात. कॉलेज संपून दोन-तीन वर्षंच झाली होती. तो कधीही स्टेजवर आला नाही, त्याचा एकही धड फोटो नाही, कारण फोटो काढायच्या वेळी तो वायरी गुंडाळत असायचा. आमच्या एकांकिकेच्या शेवटी मी एकटी उभी असायचे आणि उजेड माझ्या चेहऱ्यावरून हळूहळू काढून घ्यायचा होता. तालमीत ते कधी जमलं नाही. प्राथमिक फेरीत मी रडायला लागले, खरंखुरं, ठरवलेलं नसताना, आणि त्यानं उजेड काढलाच नाही. तो थांबला. माझं रडू ओसरेपर्यंत थांबला आणि मग काढला. परीक्षकांनी अभिनयाबद्दल माझं कौतुक केलं. ते अर्धं त्याचं होतं. हे मी त्याच्या आईला सांगितलंय, आज इथेही लिहून ठेवते.

---

डिमरवर_हात

बाळा, असा लाइटवाला नशिबानं मिळतो. लिहिलंस ते फार चांगलं केलंस.

---

सदाशिवपेठी

विक्रम गोखल्यांबद्दल अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. २६ नोव्हेंबर २०२२ला ते गेले. पणजी दुर्गाबाई कामत आणि आजी कमलाबाई या दोघी १९१३मध्ये फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये पडद्यावर आल्या, वडील चंद्रकांत गोखले जुन्या जमान्यातले गायक नट. चौथ्या पिढीत हा माणूस. त्यांचं सगळं सामर्थ्य थांबण्यात होतं. 'बॅरिस्टर'मध्ये दोन वाक्यांच्या मध्ये ते गप्प राहायचे तेव्हा बाल्कनीतला खोकलासुद्धा थांबायचा. घशाच्या त्रासामुळे २०१६मध्ये त्यांनी नाटक थांबवलं. आवाज साथ देत नाही म्हणून नटानं स्वतःहून बाजूला होणं, हे मला फार प्रामाणिकपणाचं वाटतं.

आणखी एक, वसंतराव देशपांडे. लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करणारा माणूस १९६७मध्ये 'कट्यार काळजात घुसली'चा खाँसाहेब झाला. १९८३च्या जुलैत ते गेले. त्यांच्यानंतरचे खाँसाहेब मी पाहिले, मनापासून दादही दिली. वसंतरावांच्या खाँसाहेबाची भीती वाटायची आणि दयाही यायची, दोन्ही एकाच तानेत.

---

पेठकरीण

वास्तूंबद्दल लिहिलं तर चालेल ना? माणसं आठवायला जागा लागते.

बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसली. २६ जून १९६८ला, त्यांच्या जन्मदिवशी, रंगमंदिर उघडलं तेव्हा ते नव्हते. आदल्या वर्षी जुलैत गेले होते. तिथली गोपाळ देऊस्करांनी काढलेली त्यांची चित्रं, एक पुरुषवेषातलं आणि एक स्त्रीवेषातलं, मध्यंतरात चहा घेत किती जणांनी पाहिली असतील! पुनर्बांधणीची चर्चा निघाली की मला पहिली काळजी त्या चित्रांची वाटते.

संभाजी उद्यानातला राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा जानेवारी २०१७मध्ये उखडून नदीत टाकला गेला. कारणांच्या वादात इथे शिरू नये. पण शाळेत असताना वडील मला त्या पुतळ्यापाशी नेऊन 'एकच प्याला'तले उतारे म्हणून दाखवायचे, म्हणून मला ते फार लागलं. ज्या आनंदोद्भव थिएटरात १८८०मध्ये किर्लोस्करांचं 'शाकुंतल' पहिल्यांदा उभं राहिलं, तेही आज नाही. १९७४च्या 'महानिर्वाण'मध्ये आळेकरांचे भाऊराव मेल्यावरही हट्ट धरून बसतात, जाळाल तर जुन्याच स्मशानात! पुण्याच्या माणसाचा जागेवरचा जीव कसा असतो, ते त्या नाटकाइतकं कुणी दाखवलेलं नाही.

---

विंगेतून

सगळ्यांचं वाचतोय, रात्री पुन्हा वाचणार आहे.

आता एक कामाचं. घरात जुनी हस्तपत्रकं, प्रयोगाच्या वेळच्या घडीपत्रिका असतील तर फेकू नका. त्यांच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत रंगभूषा, वेशभूषा, संगीत साथ, रंगमंच व्यवस्था अशी नावं असतात. त्या माणसांची दुसरी नोंद बहुतेक वेळा कुठेच नसते. दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, कुठल्या नाट्यगृहातला आणि साधारण कधीचा प्रयोग ते पेन्सिलीनं लिहा. पानाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. ओळखीतले जुने रंगकर्मी असतील तर फोनवर रेकॉर्डिंग लावून त्यांच्याशी गप्पा मारा. पुरस्कारांबद्दल विचारू नका. तालीम कुठे व्हायची, सेट कोण लावायचं, चहा कोण आणायचं, हे विचारा, मग आपोआप बोलतील.

---

तबलजी_नारायणपेठ

माझ्याकडे एक ट्रंक आहे, जुन्या दौऱ्यांची पत्रकं आणि दोन-तीन कॅसेटी. कॅसेटींवर बुरशी आली आहे. कुणाला त्या साफ करून उतरवून घेता येतील का? एकीवर त्या ऑर्गनवादकांची 'सौभद्र'ची पूर्ण तालीम आहे.

---

डिमरवर_हात

काका, कॅसेट प्लेअरमध्ये घालून बघू नका, फीत तुटेल. माझ्या ओळखीत हे काम नीट करणारा एक ध्वनिमुद्रक आहे. व्यक्तिगत निरोप पाठवलाय. रविवारी सकाळी ट्रंक न्यायला मी स्वतः येतो.